एकोणसत्तर सेकंद

पहिल्यांदा दोन्ही जोडले
तेव्हा पृथ्वी कुशीवर पडली.
आमच्याकडे, तार्तूत, तिसरा अक्ष वर जातो;
त्यांच्याकडे, विकून्यात, दुसरा.
नाचता येईना, अंगण वाकडं,
असं दोन्हीकडचे आपापल्या भाषेत म्हणाले,
आणि अंगण तर असं की
कुठूनही वाकडंच दिसावं.
उर्मासनं तिला नव्वद अंश फिरवली.
समुद्र सांडला नाही, हे नशीब.

आमच्याकडे आकाश होतं.
लाखभर तारे, जागच्या जागी,
आणि तिथवर जायला काही नव्हतं.
त्यांच्याकडे यान होतं.
इंजिनाची घरघर ग्रिसेल्दाच्या मामाच्या
पिस्कोच्या भट्टीवर नोंदवलेली,
आणि खिडकीबाहेर एकच चित्र,
चारही बाजूंना चिकटवलेलं.

घ्या म्हटलं, घ्या म्हणाले.
तरी चार महिने गेले.
परवान्यातल्या एका कलमावर
'मुक्त' या शब्दाचे दोन अर्थ
समोरासमोर बसून राहिले,
दोघेही उदार, दोघेही हट्टी.

मी यात कोण? कोणी नाही.
मेनूतले शब्द इकडून तिकडे नेते.
'उड्डाण', 'रद्द करा', 'खात्री आहे का?'

जुलै होता. आमच्याकडे मध्यरात्रीही
नदीवर राखाडी उजेड,
त्यांच्याकडे शाळेत शेगडी,
हातमोजे काढून मुलं कळफलकावर.
यास्ना नावाच्या मुलीनं यान उतरवलं,
हळू, फार हळू, शून्यावर शून्य,
आणि खाली चंद्र नव्हता.
सत्तर किलोमीटर पुढे निघून गेला होता,
बस चुकावी तसा.

तीन आठवडे आम्ही गुरुत्वाकर्षणाला शिव्या दिल्या.
मग एका रात्री ग्रिसेल्दानं विचारलं,
चारशे बाराव्या ओळीच्या वर
तुमच्या भाषेत हे काय लिहिलंय?

एंडेलनं लिहिलं होतं.
एंडेल जाऊन सहा वर्षं झाली.
मी वाचलं, मग शब्दशः नेलं तिकडे:
'भिंतीवरचं घड्याळ आणि आकाश
एकोणसत्तर सेकंदांनी वेगळे चालतात.
इथे जोडून ठेवलेत. तात्पुरते.
वसंतात नीट करतो.'

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, मीही जोडलेत.
तुम्हाला त्रास नको म्हणून,
तुमच्याकडून चंद्र घेतानाच.

एवढंच होतं.
दोघांनी एकाच पाहुण्यासाठी
भातात मीठ घातलं होतं.
आणि चंद्र, सेकंदाला एक किलोमीटर चालणारा,
सव्वा मिनिटाला सहा सेकंद कमी
इतका दोनदा पुढे ढकलला गेला होता.

आता कोणी काढायचं?
उर्मास म्हणाला, नियमानं आमचंच काढायला हवं,
घड्याळ एकाच जागी, दारात, राहावं.
हे बरोबर होतं.
पण फाईल उघडून तो बसून राहिला.
चहा गार झाला, साय आली.
ग्रिसेल्दा म्हणाली, राहू दे.
माझी ओळ काढते.
तुमचा माणूस आधी आला होता.

यास्ना तिसऱ्या खेपेला उतरली,
उतारावर, एक पाय हवेत,
इंधन संपलेलं.
यान कलंडलं. शाळेत आरडाओरडा
आणि मागे मामाची भट्टी अजून घरघरत,
बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

वसंत येऊन गेला. आमचा एप्रिलमध्ये,
बर्फ फुटून नदी वाहती झाली तेव्हा.
मग त्यांचा, सप्टेंबरात.
एंडेलच्या टिपेखाली आता
ग्रिसेल्दाची एक ओळ आहे, स्पॅनिशमध्ये.
मला भाषांतर करायला सांगितलेलं नाही,
तरी केलं:
'कोणाच्या वसंतात, ते लिहिलेलं नाही.
हात लावण्याआधी विचारा.'